लावलेलं काढायचं नाही

खोली दाखवताना सिस्टरनं मला दोनच अटी सांगितल्या. पाणी सकाळी भरून ठेवायचं, आणि गाडीला धक्का मारायचा.

दुसरी अट मी गंमत समजले. अमरावतीत मी नवीन होते. सरकारी ऑफिसात नुकतीच रुजू झाले होते आणि लॉजमधल्या ढेकणांनी जीव नकोसा केला होता. "धक्का काय, गाडी उचलून ठेवते," असं मी हसत म्हणून गेले. पहिल्याच सोमवारी इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन जिना उतरले, तर सिस्टर स्टिअरिंगवर बसलेल्या आणि काच खाली केलेली. "पोरी, डबा ठेव तिथं ओट्यावर. उतरली पाय आज."

उतरली म्हणजे बॅटरी. समोरच्या घरातले गुरुजी तोंडात ब्रश धरून आधीच बाहेर आले होते. त्यांनी गाडीचा मागचा एक कोपरा धरला, दुसरा माझ्यासाठी ठेवला. मी आपली साडी सांभाळत हात लावला. आतून आवाज आला, "मार ना वो जोरानं! भाकर खाल्ली नाही काय?" हे कोणाला? तर मला, भाडं देणाऱ्या बाईला. गल्लीच्या टोकाशी गाडीनं आचका दिला, धूर सोडला आणि सुरू झाली. सिस्टर एक चक्कर मारून परत आल्या, गाडी पोर्चमध्ये लावली, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वाचला पेशंट."

चाळीस-एक वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. गल्लीत त्यांचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं; भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. यजमान फार पूर्वी गेलेले, एकुलता एक मुलगा पुण्यात. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, सिस्टरनं ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि एक जुनी, छोटी गाडी घेतली. कोणी विचारलं, या वयात काहून हा खटाटोप, तर म्हणायच्या, "माह्या बापानं जलमभर दुसऱ्याची बैलबंडी हाकलली. मी माही हाकलतो." आमच्याकडे बायाही 'मी हाकलतो' असंच म्हणतात, ऐकणाऱ्याला ठेच लागली तर त्यानं चपला बघून घालाव्यात.

पण खरं सांगू? हाकलत फारशा नव्हत्या. त्या गाडीत बसायच्या.

दुपारचं जेवण झालं, भांडी पालथी घातली, की सिस्टर पातळ बदलून, केसांना कंगवा लावून गाडीत जाऊन बसायच्या. पोर्चमध्येच. गाडीचं तोंड रस्त्याकडे. रेडिओ लावायच्या, मोबाइल चार्जिंगला लावायच्या, समोर चिमट्यानं अडकवलेला छोटा पंखा सुरू करायच्या. आरशाखाली बुद्धाची लहानशी मूर्ती होती, तिच्या पायाशी निळा दिवा, तोही गाडीच्याच विजेवर. रस्त्यानं जाणारं येणारं माणूस थांबायचं. "जय भीम सिस्टर! कुठी चालल्या?" सिस्टर हात वर करून म्हणायच्या, "हाव, निघूनच रायलो!" आणि संध्याकाळी दिवेलागणीला दार लावून घरात यायच्या.

एकदा रविवारी मी न राहवून विचारलं. ओटा एवढा मोठा, वर कडुनिंबाची सावली, आणि तुमी त्या तापलेल्या डब्यात काहून बसता? सिस्टरनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवख्या नर्सकडे पाहतात. "ओट्यावर बसलं का मी म्हातारी दिसतो. लोक म्हणतात, बसली बिचारी. गाडीत बसलं का त्याईले वाटते, निघाली कुठं तरी. मंग इचारतात. माणसाले कोणी तरी इचारलं पायजे पोरी, कुठी चालली म्हणून."

मी चहा ठेवायला आत गेले.

तर सांगायचं म्हणजे बॅटरी. गाडी बंद, इंजिन बंद, आणि हे सगळं दुपारभर चालू. वर संध्याकाळी बाई उतरून यायच्या, पण चार्जर तसाच, दिवा तसाच. सॉकेटमधून काही काढायचंच नाही! मी एकदा दिव्याची वायर उपसली, तर मला असं दटावलं, की मी पुन्हा शाळेत गेल्यासारखी उभी राहिले. "लावलेलं काढायचं नाही! वार्डात शिकलो ना मी. ज्यानं नळी लावली, त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कोणाचा जीव कशावर टांगला असते, तुले काय मालूम?"

"सिस्टर, हा दिवा आहे. सलाईन नाही."

"तुले दिवा दिसून रायला," त्या म्हणाल्या.

असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा धक्का मारलेला परवडला. आणि खोटं कशाला बोलू, मला सवय झाली त्याची. अंथरुणातूनच कानोसा घ्यायचा. किल्ली फिरल्यावर नुसतं टिक्-टिक् वाजलं, की साडीऐवजी सलवार घालायची. गुरुजींशी मी दुसरं काही कधी बोलले असेन की नाही शंकाच आहे, पण त्या गाडीच्या मागे वाकून आम्ही मुलांच्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोललो.

त्या उन्हाळ्यात पुण्याचा मुलगा बायको-मुलीला घेऊन आला. शांत, सभ्य, सतत फोनमध्ये पाहणारा. कंपनीत मोठ्या जागेवर. आईला गाडी चालवताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सिस्टरनं त्याला स्टेशनपर्यंत नेलं, तिथून तो पांढराफटक होऊन परतला. गाडी विकून टाकू म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "पयले मले इक." दोन दिवस घरात अबोला. मग त्यानं एक काळी डबी आणली, काडेपेटीएवढी, आणि स्टिअरिंगच्या खाली कुठंशी बसवून टाकली. मोबाइलवर नकाशा उघडून आईला दाखवला. "आई, बघ. हा ठिपका म्हणजे तू. तू कुठेही असलीस तरी मला तिकडे दिसशील. आता मला काळजी नाही."

सिस्टरनं चष्मा लावून पाहिलं. "एवढीशी?" म्हणाल्या.

मुलगा पुण्याला परत गेला आणि गाडी रोजच उतरायला लागली. आधी आठवड्यातून एखादा धक्का, आता रोज सकाळी. गुरुजींनी कंबर धरली. शेवटी मीच गॅरेजच्या मिस्त्रीला घेऊन आले. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं. बॅटरी जुनी आहे. गाडी उभी असली तरी ही डबी रात्रंदिवस थोडं थोडं पीत राहते, वर तुमचा दिवा आणि चार्जर. "एक तर हे सगळं काढा सिस्टर, नाही तर गाडी रोज चालवा. चालवली का भरते ते आपोआप."

मला वाटलं, आता तरी डबी निघेल. छे! "पोरानं लावली," सिस्टर म्हणाल्या. "त्यानंच काढायची."

मग नवल घडलं. सिस्टर गाडी चालवायला लागल्या. एक दिवस बडनेऱ्याला कोणाच्या तरी तेरवीला गेल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बडनेऱ्यालाच, तिथलं दही चांगलं असतं म्हणून. सकाळचे धक्के थांबले. गुरुजी निवांत दात घासायला लागले. मिस्त्रीचं औषध लागू पडलं म्हणून मीही खूश. डबी पिणार तेवढं चाक भरून देणार, हिशेब सरळ होता.

एका रविवारी मला म्हणाल्या, "चाल पोरी, मूर्तिजापूर पाहून येऊ." मूर्तिजापुरात पाहण्यासारखं काय आहे हे अकोल्याची असूनही मला माहीत नव्हतं. पण गेले. बाई गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवायच्या. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, आणि ओव्हरटेक करताना आत पाहायचे, तर स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेली पांढऱ्या केसांची बाई त्यांना हात दाखवायची. स्टेशनाशेजारी गाडी लावली. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ गवतात बुडालेले, त्यांच्यावरून एक शेळी चालली होती. आम्ही आलूबोंडे घेतले. मी खात होते. सिस्टर खात नव्हत्या. मोबाइल मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होत्या.

फोन वाजला.

सिस्टरनं लगेच उचलला नाही. पदर नीट केला, माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि मग उचलला. "आई, मूर्तिजापूरला कशाला गेलीस एवढ्या उन्हात?" मुलाचा आवाज मला ऐकू येत होता. मग त्या बोलत बसल्या. आलूबोंडा कसा आहे, शेळी कशी चालली आहे, नातीच्या दाताचं काय झालं, सुनेची पाठ. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बोलणं संपलं आणि त्यांनी माझ्या हातातला उरलेला आलूबोंडा काढून घेतला. "आता लागली भूक."

परतीच्या वाटेवर मला उलगडा झाला, आणि उलगडा झाला तसा संतापही आला. "सिस्टर, तुमी फोनासाठी एवढ्या दूर आल्या?"

"मंग?" रस्त्यावरची नजर न हटवता त्या म्हणाल्या. "मी लावतो फोन, तं थो मीटिंगमधी असते. 'आई, नंतर करतो.' तो नंतर काही येत नाही वो. ठिपका हालला का त्याचाच येते. माह्या पोराचा फोन या डबीवर चालते. अन् तू म्हणते, काढून टाका!"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. कपाशीची शेतं मागे जात होती. मला रडू येत होतं आणि त्या बाईचा रागही येत होता, त्या पोराचा तर त्याहून जास्त.

पण ठिपका तरी किती दिवस नवा राहणार? काही महिन्यांत बडनेऱ्याचा फोन बंद झाला. मग मूर्तिजापूरचा. मुलाला कळून चुकलं, आईला फिरायची हौस आहे. सिस्टर पुढं पुढं जायला लागल्या. संत्र्यांचे दिवस आहेत म्हणून मोर्शी. बाजार आहे म्हणून अंजनगाव सुर्जी. पिशवीभर संत्री घेऊन यायच्या आणि मला विचारण्याआधीच सांगायच्या, "आला होता फोन." नाहीतर काहीच सांगायच्या नाहीत, संत्र्यांची पिशवी माझ्या दारात ठेवून खाली जायच्या. त्या न बोलण्यावरून मला समजायचं. अंजनगावहून एकदा अंधार पडल्यावर परतल्या, पुढचा दिवा एका बैलगाडीच्या जुवाला घासून फुटलेला. मी खूप बोलले त्या दिवशी. "मरायचं आहे काय तुमाले? एवढं असन तर त्याले तोंडावर सांगा ना, का बाबू, मले फोन करत जा!"

सिस्टर शांतपणे फुटक्या दिव्याची काच वेचत होत्या. "सांगून केलेला फोन कोणाले पायजे?" म्हणाल्या.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली, माझ्याच गावी. निघताना गुरुजी मला म्हणाले, आता मागचा एक कोपरा रिकामा पडला. सिस्टरनं मला मिठी-बिठी काही मारली नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सुरू करून पाय एकदा." मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. "पाय, भरून आहे," म्हणाल्या. "जा आता."

मधे बरेच महिने गेले. मी फोन करायची, त्या "मजेत हावो" म्हणायच्या. मग पावसाळ्याच्या शेवटी गुरुजींकडून कळलं ते असं. सिस्टरला ताप भरला होता. साधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. गुरुजींची सून पेज नेऊन द्यायची, गुरुजी गोळ्या आणायचे. पुण्याला कळवतो म्हटलं, तर सिस्टरनं शपथ घातली. "त्याले दिसते मी. त्याच्यापाशी ठिपका हाये. हालला नाही तं इचारन ना."

गाडी पोर्चमध्ये उभी. डबी पीत राहिली, बॅटरी पूर्ण संपली, डबीही बंद पडली. आणि मुलाच्या नकाशावर ठिपका होता तिथंच राहिला, घरी. आई घरी आहे. सगळं ठीक आहे. फोन आला नाही.

मी हे ऐकलं आणि मला इतका संताप आला, की पुण्याचा नंबर काढून बसले. मग लावला नाही. सिस्टरची शपथ मोडायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. मी अकोल्याच्या घरी उडदाचे पापड वाळत घालत होते आणि फाटकाशी ओळखीचा हॉर्न वाजला, बेसूर, लांबलचक. पाहते तर सिस्टर! निम्म्या झालेल्या, गालाची हाडं वर आलेली, पण पातळ कडक इस्त्रीचं. "नवी बॅटरी टाकली," उतरण्याआधीच म्हणाल्या. "एका किल्लीत सुरू होते. कोणाच्या बापाचा धक्का नाही लागत आता."

गाडी अंगणात घ्यायला लावली, त्यांना आत नेलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. मोबाइल त्यांनी समोर टीपॉयवर ठेवला होता, काच वर करून. मी समजले. म्हटलं, "येईनच आता फोन. अकोला म्हणजे काही जवळ नाही."

"त्याले नाही मालूम मी अकोल्याले हावो," सिस्टर म्हणाल्या. "डबी काढून टाकली मी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "तुमी काढली?"

"मीच. तापातून उठलो अन् पयले थे केलं." मग म्हणाल्या, "वार्डात काय होते मालूम हाये? मशीनवर आकडा बरोबर दिसते. अन् नवी पोरगी येते, आकडा पायते अन् चालली जाते. पेशंटच्या तोंडाकडं पायतच नाही. मी लय पोरीईले रागावलो त्याच्यापायी. अन् सोताच्या पोराले मी तेच मशीन लावू दिलं." पुण्याला त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं. डबी काढली बाबू, बॅटरी पिऊन टाकत होती. आता इचारशीन तं समजन. तो चिडला. तुझ्याच सेफ्टीसाठी होतं ना आई, म्हणाला, आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन नव्हता.

"म्हणजे आता..."

"म्हणजे आता इचारलं तं इचारलं," सिस्टर म्हणाल्या. "नाही तं नाही."

असं म्हणाल्या खऱ्या, पण चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. मी त्यांना पापड दाखवले, शेजारची जुनी विहीर दाखवली, जेवायला वाढलं. त्या हो हो करत होत्या. मोबाइल या खोलीतून त्या खोलीत त्यांच्याबरोबर फिरत होता. जेवताना ताटाशेजारी. मनातल्या मनात मी त्या पोराला नको नको त्या शिव्या घातल्या आणि शेवटी हात जोडले, कर रे बाबा, एकदा कर. उन्हं कलली. अंधाराआधी निघायला हवं म्हणून सिस्टर उठल्या. पायात चपला घातल्या. मी फाटक उघडलं आणि त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. त्या आत बसल्या, मोबाइल शेजारच्या सीटवर ठेवला, किल्ली लावली.

फोन वाजला.

या वेळी त्यांनी पदर-बिदर काही नीट केला नाही. पहिल्याच रिंगला उचलला. घाई इतकी, की आवाज मोठा करायचं बटण त्यांच्याकडून चुकून दाबलं गेलं आणि मला सगळं ऐकू आलं.

"आई," मुलगा म्हणाला. "आई, कुठे आहेस तू?"

सिस्टरनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आलेले. "इचारून रायला वो!" एवढंच म्हणाल्या.

मग हात काढला. पण उत्तर दिलं नाही. "सांगतो," म्हणाल्या. "पयले तू सांग. तू कुठी हायेस?"

त्याला असं कोणी फार दिवसांत विचारलं नसावं. "मी... खाली आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गाडीत बसलोय."

"कुठी चालला?"

"कुठे नाही. असाच बसलोय. बराच वेळ झाला."

सिस्टरच्या मागच्या अनेक दुपारी त्या एका क्षणात त्यांच्या तोंडावरून सरकताना मी पाहिल्या. किल्लीवरचा हात त्यांनी खाली घेतला आणि सीटला पाठ टेकली. आता लवकर निघायचं नाही असा तो टेकण्याचा प्रकार होता.

"इंजन बंद हाये?"

"हो."

"अन् गाणे लावले असतीन. मोबाइल चार्जिंगले लावला असन."

"हो. का गं?"

"काढ ते बाबू. बॅटरी उतरते." सिस्टरचा आवाज एकदम मऊ झाला. "अन् उतरली, तं तिथं धक्का माराले कोण हाये तुह्यापाशी?"

तिकडचं गाणं बंद झालं. फोन कोणीच ठेवला नाही. मी फाटक लावून घेतलं आणि सिस्टरसाठी रात्रीच्या भाकरीचं पीठ काढायला घरात गेले.